क्लाइव्हची सतरावी फ्लॉपी

माणसानं आयुष्यात कशाचा तरी ध्यास घ्यावा म्हणतात. क्लाइव्ह पेंगलीनं काढून टाकण्याचा घेतला होता. (घरातली अडगळ काढून टाकण्याचा नव्हे. तसा घेतला असता तर त्याच्या बायकोनं, ग्लेनिसनं, त्याला रोज सकाळी ओवाळलं असतं.) तो काढून टाकायचा ते एका फ्लॉपीमधलं.

पोर्ट ट्रेवनच्या नगरपालिकेत क्लाइव्ह घरपट्टीचा कारकून होता. पाच दिवस लोकांच्या घरांवर कर चढवायचा, आणि उरलेले दोन दिवस परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून फ्लॉपीवरचं ओझं उतरवायचं, असा त्याचा नेम. ॲडलेडमध्ये लिनक्सवाल्यांचं, म्हणजे विंडोजऐवजी लिनक्स नावाची फुकट प्रणाली वापरणाऱ्यांचं, एक मंडळ होतं. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ही मंडळी वाचनालयामागच्या खोलीत जमत आणि बिस्किटं खात एकमेकांच्या चुका काढत. त्यांनी ऑक्टोबरसाठी एक स्पर्धा जाहीर केली होती. एका फ्लॉपीवर संगणकाला जिवंत करण्यापुरतं लिनक्स बसवायचं. मशीनच्या पोटातली डिस्क मेलेली असली तरी चालेल, फ्लॉपी खुपसली की ते उठून बसलं पाहिजे. फ्लॉपीत मावतात चौदाशे चाळीस किलोबाइट. सगळं बसवून ज्याच्या फ्लॉपीत जास्तीत जास्त जागा मोकळी राहील, तो जिंकला. बक्षीस चहाचा एक मग होता.

त्या मगापायी क्लाइव्हनं चार महिने घालवले. पहिल्या झटक्यात त्यानं नेटवर्क उडवलं. मग प्रिंटर. मग विंडोजच्या डिस्का वाचायची सोय (आपल्या घरात असली भानगड कशाला हवी, असं तो शेडमध्ये म्हणाला, कारण शेडमध्ये ते म्हणता येत असे). मग लांबलचक मजकूर पानापानानं थांबवून दाखवणारा छोटासा प्रोग्राम. मग मशीन रीतसर बंद करायची आज्ञा, कारण जे एकदा चालू केलं ते बंद करायचंच कशाला? शेडमधला त्याचा संगणक दोनशे अकरा दिवस अखंड चालू होता आणि हा आकडा तो भेटेल त्याला सांगत असे. सोळा फ्लॉप्या झाल्या. सतराव्या वेळी काढण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा त्यानं पडद्यावर अक्षरं उमटवायची सोयच काढून टाकली. सगळं नीट झालं की कीबोर्डवरचे तीन दिवे तीनदा लुकलुकायचे, एवढंच ठेवलं. समजूतदार माणसाला तेवढं पुरे, असं त्याचं मत पडलं.

आता स्पर्धेचा एक नियम असा होता की फ्लॉपी दोन वेगवेगळ्या मशीनवर चालवून पाहिलेली हवी. दुसरं मशीन घरात होतं. ते ग्लेनिसचं होतं, जेवणाच्या खोलीत कोपऱ्यात मेजावर ठेवलेलं, आणि त्याला हात लावणार नाही असं क्लाइव्हनं वचन दिलेलं होतं. (मागे एकदा त्यानं त्यात 'थोडीशी सुधारणा' केली होती. त्यानंतर नऊ दिवस ग्लेनिसला त्यावर फक्त ग्रीक अक्षरं टाइप करता येत होती.) पण शुक्रवारी संध्याकाळी सहाला ग्लेनिस गावच्या हॉलमध्ये टेबलं मांडायला गेलेली, घर रिकामं, आणि फ्लॉपी खिशात गरम. दोन मिनिटांचं तर काम. क्लाइव्हनं फ्लॉपी खाचेत सरकवली, बटण दाबलं. पडदा काळा झाला. दिवे तीनदा लुकलुकले.

क्लाइव्हला इतका आनंद लग्नाच्या दिवशी झाला होता की नाही हे त्याला आठवेना. त्यानं बटण दाबून मशीन बंद केलं, कीबोर्डवर पडलेले पेस्टीचे (म्हणजे खिमा-बटाटा भरून भाजलेल्या करंजीचे) कण फुंकून उडवले, खुर्ची होती त्या कोनात ठेवली, आणि तडक शेडमध्ये जाऊन वहीत लिहिलं: 'सतरा. दोन्हीकडे चालली. शिल्लक एक हजार अकरा.' गुन्ह्याचा एकही पुरावा मागे ठेवला नाही, याचं त्याला त्या रात्री झोपताना फार समाधान होतं.

शनिवारी गावाचं वार्षिक प्रदर्शन होतं.

मेंढ्या, गहू, घोडे हे सगळं मैदानावर. हॉलमध्ये मात्र पाककला विभाग, आणि पोर्ट ट्रेवनमध्ये खरी लढाई तिथंच होते. स्कोन (चहाबरोबरचे छोटे पाव), पेस्टी, फळांचा केक, अंजिराचा जॅम, क्वांडाँग या तांबड्या रानफळाचा जॅम, असे एकतीस वर्ग. ग्लेनिस या विभागाची प्रमुख होती. तिच्याआधी तिची आई होती. आईच्या काळापासून रीत अशी की प्रत्येक बशीखाली नाव लिहिलेलं कार्ड घडी घालून, टाचून ठेवायचं. परीक्षकानं निकाल दिला की टाचणी काढायची. गेल्या वर्षी एका कार्डाची टाचणी कोणीतरी आधीच काढल्याचं सापडलं, आणि त्यावरून गावात दोन घरांचं येणंजाणं बंद झालं ते अजून बंद आहे. तेव्हा ग्लेनिसनं समितीत उभं राहून सांगितलं की यंदा कार्डं नकोत. बशीवर फक्त आकडा. कोणता आकडा कोणाचा, हे एकट्या माझ्या संगणकात राहील. नोंदवणाऱ्या बाईलासुद्धा स्वतःचा आकडा कळणार नाही.

समितीच्या अध्यक्षा मिसेस ट्रेगेन्झा. वय पंच्याहत्तर. त्या कोणत्याही घराची घंटा दोनदा वाजवत, कारण एकदा वाजवलेल्यावर त्यांचा विश्वास नसे. त्या म्हणाल्या होत्या, "तुझ्या आईला असल्या मशीनची गरज लागली नाही, ग्लेनिस." आणि ग्लेनिस म्हणाली होती, यात घोटाळा झाला तर मी हे काम सोडीन. ती सहसा असं काही बोलत नाही. बोलली की करते, हे क्लाइव्हला सत्तावीस वर्षांच्या संसारात कळून चुकलं होतं.

शुक्रवारी दिवसभर बायका बरण्या आणि बश्या घेऊन ग्लेनिसच्या घरी आल्या. एकशे चाळीस नोंदी ग्लेनिसनं तिथल्या तिथे संगणकात टाकल्या. छापायचं काम सकाळी करू म्हणाली, कारण तिला हॉलमध्ये जायचं होतं. बरण्या सगळ्या एकाच मापाच्या, बिनलेबलाच्या. तो नियमच होता. शनिवारी नऊला परीक्षण, आणि दुपारी बाराला दारं उघडायच्या आत प्रत्येक विजेत्या बशीपुढे नावाचं कार्ड.

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी क्लाइव्ह दाढी करत होता. खालून ग्लेनिसची हाक आली. मोठी नव्हती. मोठी असती तर त्याला इतकी भीती वाटली नसती.

"क्लाइव्ह, खाली ये जरा. हा उठत नाहीये."

तो अर्ध्या गालावर साबण घेऊन खाली आला. ग्लेनिस एप्रन बांधून मशीनपुढे उभी होती. मशीन घरघरत होतं. पडदा काळा होता.

"मी चालू केला तेव्हा तिथं खाचेत..."

"तू काही सांगू नकोस," क्लाइव्ह म्हणाला. "मला आधी बघू दे."

"अरे, ऐकून तरी घे."

"ग्लेनिस, प्लीज. यातलं मला कळतं."

ग्लेनिसनं हात एप्रनच्या खिशात घातला आणि उभी राहिली. मग तिनं फक्त विचारलं की बंद करून पुन्हा चालू करून पाहू का. मघाशीच केलं असतं, पण बटण दाबून बंद करायचं नाही असं तूच सांगून ठेवलं आहेस.

क्लाइव्हनं तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिनं केकमध्ये मीठ घालू का म्हणून विचारलं. बंद करून चालू करणं हा उपाय नव्हे, ती शरणागती आहे, हे तो तिला वर्षानुवर्षं सांगत आला होता. बिघाड झाला की कारण शोधायचं असतं. आणि कारण तर त्याला पायऱ्या उतरतानाच कळलं होतं. काल संध्याकाळी आपण यात सतरावी फ्लॉपी घातली. आज याची डिस्क गेली. एकशे चाळीस नावं आपण मारली.

खरं सांगायला हवं होतं. तो तोंड उघडणारही होता. पण ग्लेनिसच्या चेहऱ्याकडे त्यानं पाहिलं. ती रडत नव्हती, रागावलेलीही नव्हती. आईची जागा हातातून जाताना माणूस जसा दिसतो तशी दिसत होती. त्याचं धैर्य तिथंच संपलं.

"डिस्क रुसली आहे," तो म्हणाला. "घाबरू नकोस. अशाच वेळेसाठी तर मी चार महिने खपतोय."

हे वाक्य ऐकायला चांगलं होतं. क्लाइव्ह शेडमध्ये धावला आणि सतरा नंबरची फ्लॉपी घेऊन आला. (प्रत्येकीच्या तो दोन प्रती करी. त्यातली एकच ढिगात सापडली. दुसरी शोधायला वेळ कोणाला होता?) फ्लॉपी घातली आणि आयुष्यभराचं तत्त्व गिळून मशीन बटणानं बंद करून पुन्हा चालू केलं. खाच कुरकुरली. दिवे तीनदा लुकलुकले. पडदा काळाच.

"आता?" ग्लेनिसनं विचारलं.

"आता चालू आहे."

"काय चालू आहे?"

"आतून चालू आहे. दिसत नाही इतकंच."

ग्लेनिसनं घड्याळाकडे पाहिलं. क्लाइव्हला वाटलं, ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

तेव्हा अठरावी फ्लॉपी बनवणं भाग होतं, पडद्यावर अक्षरं दाखवणारी. काढून टाकलेलं परत घालायचं म्हणजे लिनक्सचा सगळा गाभा नव्यानं बांधून काढायचा, आणि क्लाइव्हच्या दोनशे अकरा दिवसांच्या म्हाताऱ्याला त्याला पाऊण तास लागे. क्लाइव्हनं आज्ञा दिली आणि स्टुलावर बसला. पडद्यावर ओळी सरकत होत्या. स्वयंपाक असता तर आच वाढवता आली असती. इथं नुसतं बसायचं होतं. बसल्या बसल्या त्यानं मनात तीन वेळा कबुलीजबाब रचला आणि तिन्ही वेळा त्यातला 'मी' हा शब्द गाळला. गाळायची त्याला सवय होतीच.

साडेआठला तो फ्लॉपी घेऊन आत आला. यावेळी पडद्यावर अक्षरं उमटली, आणि दोघांचाही श्वास एकदम सुटला. क्लाइव्हनं ग्लेनिसच्या डिस्कची चौकशी केली. मशीननं कळवलं की एक डिस्क आहे खरी, पण ती विंडोजची आहे, आणि विंडोज म्हणजे काय ते मला ठाऊक नाही.

क्लाइव्हला घाम फुटला. आणि त्याच क्षणी आनंदही झाला, कारण डिस्क आहे, म्हणजे ती मेलेली नाही. फक्त आपल्याला वाचता येत नाही. ही वाईट बातमी आणि चांगली बातमी त्यानं ग्लेनिसला एकाच वाक्यात सांगितली.

"म्हणजे माझी डिस्क बरी आहे," ग्लेनिस सावकाश म्हणाली, "आणि तुझ्या फ्लॉपीला ती वाचता येत नाही."

"हो."

"का येत नाही?"

"जागा वाचवायची होती."

"कशासाठी?"

क्लाइव्हनं मगाचं नाव काढलं नाही. तो पुन्हा शेडमध्ये पळाला.

एकोणिसाव्या फ्लॉपीत विंडोज वाचायची सोय घातली. ती घालताना त्याला खूप काही वाटलं, पण वाटून घ्यायला वेळ नव्हता. घाईत त्यानं एक पर्याय चुकीचा निवडला आणि तीस मिनिटांनी बांधकाम मध्येच कोसळलं. पुन्हा पाऊण तास. दरम्यान हॉलमधून फोन आला की परीक्षक बाई जॅमपर्यंत पोहोचल्या, यंदा फार कडक आहेत, फळांच्या चटणीत एकच नोंद होती तर तिलासुद्धा त्यांनी दुसरा नंबर दिला. पहिल्याच्या लायकीचं काही नसेल तर पहिला द्यायचा नाही, अशी इथली पद्धतच आहे.

साडेदहाला दाराची घंटा दोनदा वाजली.

मिसेस ट्रेगेन्झा आत आल्या. हातात निकालाचा कागद, सगळे आकडे ओळीनं लिहिलेले. त्यांनी नावांची यादी मागितली. ग्लेनिसनं त्यांना बसायला खुर्ची दिली, चहा दिला, आणि तिच्याकडे सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून ओव्हनमधली पेस्टीही दिली. ती क्लाइव्हच्या न्याहारीची होती.

"पोरी, यादी आहे ना?"

"आहे."

"कुठं आहे?"

"आत आहे," ग्लेनिस म्हणाली आणि काळ्या पडद्याकडे बोट दाखवलं. "क्लाइव्ह काढतोय."

मिसेस ट्रेगेन्झांनी पेस्टी खाली ठेवली. त्या म्हणाल्या की नावं नसतील तर बारा वाजता दारं उघडून लोकांना काय सांगायचं? क्वांडाँगच्या पहिल्या बरणीवर निदान चार जणी हक्क सांगतील, आणि त्यातल्या दोघी तरी माझ्याच घरी येऊन रडतील. गेल्या वर्षी दोन घरांतच बिनसलं, यंदा अख्ख्या गावात बिनसेल. मग आवाज उतरवून त्या म्हणाल्या, "तुझी आई असती तर..." आणि तिथं थांबल्या.

"माझी आई असती तर मीच सांगितलं असतं तिला," ग्लेनिस म्हणाली. "बारापर्यंत नावं आली नाहीत तर मी हॉलमध्ये उभी राहून सगळ्यांना सांगीन. तुम्हाला काही बोलावं लागणार नाही."

क्लाइव्ह त्याच वेळी फ्लॉपी घेऊन मागच्या दारातून आत येत होता. त्यानं ते ऐकलं. लाज म्हणजे काय हे त्याला त्या दारात कळलं.

अकराला पाच कमी असताना एकोणिसावी फ्लॉपी चालली. अक्षरं दिसली, डिस्क दिसली, डिस्कवर 'प्रदर्शन' नावाची फाइल दिसली. ग्लेनिसनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताचं वजन त्याला फार जाणवलं.

"छाप," ती म्हणाली.

"छापता येत नाही."

"बरं, मग दुसऱ्या फ्लॉपीवर घे आणि..."

"घेताही येत नाही. फक्त दाखवता येतं. दाखवतो."

त्यानं दाखवलं. पडद्यावरून काहीतरी सर्रकन वर गेलं आणि शेवटच्या पंचवीस ओळी उरल्या. त्या तीन वर्षांपूर्वीच्या प्रदर्शनाच्या होत्या. कार्डं होती तेव्हाही ग्लेनिस दर वर्षाची यादी निकालानंतर याच फाइलमध्ये उतरवून ठेवायची, आणि नवी यादी नेहमी डोक्यावर लिहायची. जुनी खाली ढकलली जायची. पानापानानं थांबवणारा तो छोटासा प्रोग्राम क्लाइव्हनं जूनमध्येच काढला होता. मागे सरकायची सोय जुलैमध्ये.

"यंदाचं कुठं आहे?" मिसेस ट्रेगेन्झांनी विचारलं.

"गेलं वर."

"ते थांबवता येत नाही का?"

येत होतं, पण एकाच प्रकारे. दोन कळा एकदम दाबल्या की ओळी जागच्या जागी गोठत. पण दाबायच्या नेमक्या क्षणी. क्लाइव्हनं पहिल्यांदा दाबल्या तेव्हा मागच्या वर्षीचे स्कोन आले. दुसऱ्यांदा त्याच्या आधीच्या वर्षीचे. तिसऱ्यांदा उशीर झाला आणि पुन्हा तीन वर्षांपूर्वीच्या पंचवीस ओळी. अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती. त्याची बोटं घामानं घसरत होती.

"सरक," ग्लेनिस म्हणाली.

ती खुर्चीवर बसली. तीस वर्षं ती जॅम करत आली आहे. उकळता जॅम कधी उतरवायचा हे कोणी घड्याळावर सांगत नाही. एक क्षण आधी पातळ, एक क्षण नंतर दगड. तिनं बोटं कळांवर नुसती टेकवली, क्लाइव्हला सुरू कर म्हणाली, आणि डोळे बारीक केले. ओळी सुटल्या. तिनं दाबलं. पडद्यावर 'वर्ग पहिला, स्कोन, साधे' अशी ओळ उभी होती आणि खाली यंदाची नावं.

क्लाइव्हनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. मिसेस ट्रेगेन्झांनी पेन काढलं. तिनं सोडायचं, पकडायचं, त्यानं वाचायचं, त्यांनी लिहायचं. दोनदा तीन ओळी निसटल्या, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून. साडेअकरा. अंजीर झालं, क्वांडाँग झालं. खोलीत क्लाइव्हच्या आवाजाशिवाय काही नव्हतं, आणि तोही बसत चालला होता. पेस्टीच्या वर्गात पहिलं बक्षीस अठ्ठावन्न आकड्याच्या बशीला होतं. क्लाइव्हनं वाचलं, "अठ्ठावन्न, शेरिल ट्रेगेन्झा."

पेन थांबलं. शेरिल मिसेस ट्रेगेन्झांची सून होती. सासूबाईंच्या स्वतःच्या पेस्टीचा आकडा बासष्ट होता आणि निकालाच्या कागदावर बासष्ट कुठंच नव्हता. त्यांनी चष्मा पुसला, 'शेरिल' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि पुढचं वाच म्हणाल्या.

बाराला पंधरा कमी असताना एकशे चाळीसावं नाव कागदावर आलं. ग्लेनिसनं कागद छातीशी धरला आणि पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. क्लाइव्हचंही मन भरून आलं. आता सांगून टाकू, असं त्याला वाटलं. संकटातून आपणच बाहेर काढलं आहे, आता कबुली द्यायला हरकत नाही, असा त्यानं सोयीचा हिशेब केला.

"ग्लेनिस, काल संध्याकाळी मी..."

"आधी हे बंद करा," मिसेस ट्रेगेन्झा उठत म्हणाल्या. अठ्ठावन्न नंबरापासून त्यांना त्या मशीनचं तोंड बघवत नव्हतं. "कसं करतात?"

"बंद करायची आज्ञा मी काढली आहे," क्लाइव्ह म्हणाला. "बटणच दाबावं लागेल." ग्लेनिसनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं नजर टाळून फ्लॉपी खाचेतून बाहेर काढली.

मिसेस ट्रेगेन्झांनी बटण दाबलं. मशीन बंद झालं. मग, एकदा दाबलेल्यावर त्यांचा विश्वास नसल्यामुळे, त्यांनी ते पुन्हा दाबलं.

मशीन घरघरलं. पडद्यावर निळं आभाळ आलं, पांढरे ढग आले, नेहमीची ती गोड धून वाजली, आणि मग ग्लेनिसच्या केल्पी जातीच्या, मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्याचा फोटो, त्याच्या नाकावर 'प्रदर्शन' नावाचं चित्र. सगळं जागच्या जागी होतं. प्रिंटरसुद्धा आपणहून एकदा खाकरला.

तिघंही त्या कुत्र्याकडे पाहत राहिली.

"म्हणजे हे चालू होतं?" मिसेस ट्रेगेन्झांनी विचारलं.

क्लाइव्ह मनात हिशेब मांडू लागला. डिस्क धडधाकट होती, मशीन धडधाकट होतं. मग सकाळी झालं काय होतं? ग्लेनिसनं एप्रनच्या खिशात हात घातला आणि एक फ्लॉपी बाहेर काढून मेजावर ठेवली. तिच्यावर क्लाइव्हच्या अक्षरात सतरा लिहिलेलं होतं.

"ही सकाळी खाचेत होती," ती म्हणाली. "मी चालू केला, दिवे तीनदा लुकलुकले, पडदा काळा झाला. मी ही काढून घेतली आणि तुला हाक मारली. तुला तेच सांगत होते. तू म्हणालास, तुला यातलं कळतं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथं कळसा बायकोच्या एप्रनमध्ये होता आणि वळसा साडेचार तासांचा झाला होता. फ्लॉपी काढल्यावर नुसतं बंद करून चालू केलं असतं, म्हणजे ग्लेनिस म्हणत होती तेच केलं असतं, तर सव्वासातलाच यादी छापून हातात आली असती. क्लाइव्हनं कबुली दिली. सगळी दिली, 'मी' हा शब्द न गाळता. ऐकून घ्यायला मात्र कोणी थांबलं नव्हतं. दोघी कागद घेऊन गाडीत बसल्या होत्या.

बाराला दोन मिनिटं कमी असताना शेवटचं कार्ड लागलं. दारं वेळेवर उघडली. मिसेस ट्रेगेन्झांनी सुनेच्या पेस्टीपुढे उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं की यंदा पहिल्यांदाच कुणाला नाव आधी कळलं नाही, आणि ही ग्लेनिसची कर्तबगारी. त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे खूप झालं. क्लाइव्ह हॉलच्या मागच्या भिंतीशी अर्धी दाढी घेऊन उभा होता. ग्लेनिसची मान ताठ होती, आणि ते पाहून त्याला इतकं बरं वाटलं की आपल्या वाट्याचं ऐकून घ्यायला तो मनातून तयार झाला.

पण ग्लेनिस काहीच बोलली नाही. शनिवारी नाही, रविवारी नाही. सोमवारी संध्याकाळी तो कामावरून येऊन शेडकडे गेला, मंगळवारच्या स्पर्धेची तयारी करायला. शेडच्या दारावर प्रदर्शनाचं एक छापील कार्ड टाचलेलं होतं, सोनेरी कडेचं. त्यावर ग्लेनिसच्या टापटीप अक्षरात लिहिलं होतं:

'वर्ग बत्तीस. संगणक चालू करणारी सर्वांत छोटी फ्लॉपी. नोंद एक. क्लाइव्ह पेंगली. दुसरा नंबर.'

तो कार्ड घेऊन स्वयंपाकघरात आला. ग्लेनिस ओट्याशी बरण्या पुसत होती.

"नोंद एकच," तो म्हणाला. "मग पहिला कोणाला?"

ग्लेनिसनं बरणी उजेडात धरून पाहिली.

"त्या दिवशी माझा संगणक शेवटी कुठल्या फ्लॉपीनं चालू झाला?"

"कुठल्याच नाही. खाच रिकामी होती."

"तिलाच दिला," ती म्हणाली.